मावशींची रजा

ताई बोलते ती डाव्या पापणीने. उजवी दोन महिन्यांपासून अर्धवट पडून असते. हातपाय आणि जीभ त्याच्याही आधी गेली. नसांचा आजार आहे, तो पुढेच जातो, मागे येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण तिला सगळं कळतं, सगळं ऐकू येतं आणि सगळं जाणवतं, हातावर माशी बसली तरी. परवाच्या खेपेला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही पापणीही आता थोड्याच आठवड्यांची. काय बोलायचं ते बोलून घ्या."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि विचारतो, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? तसलाच एक तक्ता मी ताईसाठी घरी बनवला. सहा ओळी, मोठी काळी अक्षरं. आपण ओळींवरून बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की ती पापणी मिटते. मग त्या ओळीतल्या अक्षरांवरून बोट, पुन्हा पापणी. काना-मात्रा आपल्या आपण लावून घ्यायच्या. 'नाही' म्हणायचं असलं की ती छताकडे बघते. एका शब्दाला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिच्या डोळ्यावरून नजर हलवायची नाही. पापणी मिटली आणि तुम्हाला दिसली नाही, तर ती बोललीच नाही.

तीस वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून साऱ्या शहराला एकमेकांशी जोडून द्यायची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माझी पन्नाशी उलटली तरी हाक 'बाळ्या' अशीच. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला माझी कीव यायला नको.

दिवसा तिच्या देखभालीला मावशी असतात. शिक्षण चौथीपर्यंत, एकेका अक्षराखाली बोट दाबून वाचणार. मी चिडवायचो, "मावशी, या वेगाने ताईचं एक वाक्य व्हायला पुढचा वाढदिवस येईल."

"येऊ दे की दादा," त्या म्हणायच्या, "ताईंना कुठे गाडी पकडायचीय?"

ताई डोळ्याने हसायची. मावशींचा बटणांचा फोन दाराआडच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत असायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असायचा.

त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, म्हणून त्यांनी चार दिवसांची रजा घेतली. मीही दुकानातून सुट्टी काढली. निघताना त्यांनी मला बजावलं. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वळवलं की पाठीखालून हात फिरवून चादर सारखी करायची. "हातानेच बघायचं दादा, नुसतं डोळ्यांनी कळत नाही."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार.

पहिल्या दिवशी मी ताईच्या हातावर माझा हात ठेवून फोटो काढला आणि टाकला: 'चार दिवस, फक्त ती आणि मी.' दुपारपर्यंत तीनशे लाल बदाम आले. असा भाऊ नशिबाने मिळतो, असं कुणी लिहिलं, कुणी रडणारे चेहरे पाठवले. मी पलंगाच्या कडेवर बसून, तिथेच फोन चार्जिंगला लावून, एकेकाचे आभार मानत होतो. त्या दिवशी तक्ता हातात घ्यायला मला वेळच झाला नाही. ती आणि मी म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार्जर सापडेना. घर पालथं घातलं, स्वतःला शिव्या घातल्या आणि कोपऱ्यावरून नवा आणला. परत आलो तर ताई डोळा मोठा करून माझ्याकडे बघत होती. काहीतरी सांगायचं होतं. तक्ता धरला. तिसरी ओळ, पापणी. ट, पापणी. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. एकदाच बघितलं, शप्पथ, एकदाच. मान वर केली तेव्हा पापणी मिटून उघडून गेली होती.

"कुठलं होतं? पुन्हा सांग."

पुन्हा ट. पुन्हा थरथर. तिसऱ्यांदा मी अक्कल पाजळली. "टीव्ही ना? लावतो." उत्तराची वाटही न बघता लावला. तिला मान वळवता येत नाही. दोन तास तिने कुठल्यातरी भांडी विकणाऱ्या बाईची बडबड बघितली आणि शेजारी बसून मी आणखी नव्वद जणांचे आभार मानले.

मला कळत नव्हतं असं नाही, कळत होतं म्हणून तर जीव खालीवर होत होता. तिला काहीतरी सांगायचंय, पापणी रोज जड होतेय आणि ते तिच्याबरोबर आतच राहील, ही भीती होती. आणि ती सहन होईना, की हात आपोआप खिशात. फोन पिठाच्या डब्यात पुरला. तासाभरात कोपरापर्यंत पांढरा होऊन उकरून काढला. फोटो टाकायचं ते अॅप उडवलं आणि बाथरूममध्ये उभ्याउभ्या परत घेतलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे फोन ठेवायला दिला आणि अर्ध्या तासात दार वाजवून म्हणालो, "दुकानातून फोन यायचाय, महत्त्वाचा."

"मी कुठे काय विचारलं," आजोबा म्हणाले आणि फोन हातात ठेवला.

तिसऱ्या दिवशी ताईच्या डोळ्यातून पाणी आलं. कानापर्यंत ओघळ गेला. मला भरून आलं. मी लिहिलं: 'आज ताईच्या डोळ्यात पाणी आलं. आम्हाला आता शब्दांची गरजच उरली नाही.' हे मी लिहिलं. माझ्याच बोटांनी.

चौथ्या दिवशी दुपारी त्याखाली एका अनोळखी बाईचा प्रश्न आला: 'पण ताई काय म्हणाली?'

तीन दिवसांत ताईचा एक शब्द पुरा झाला नव्हता. मोरीत कपडे भिजवलेली बादली होती, मी उठलो आणि फोन त्यात बुडवला. पडदा काळा होईपर्यंत दाबून धरला. मग हात पुसले, खुर्ची पलंगाला लावली आणि तक्ता उचलला.

"ताई, आता बोल. मी कुठेही जात नाही."

पापणी फार हळू मिटत होती. अर्ध्यावर थांबायची, तेव्हा ते 'हो' की नुसता थकवा, हे ओळखायला मी श्वास धरून बघत होतो. आईबद्दल काही असेल, असं मनात होतं. आशीर्वाद असेल. खोटं कशाला बोलू, मला आशीर्वादच हवा होता. ट. बऱ्याच वेळाने च. मग त.

"टोचतंय?"

पापणी मिटली. उघडलीच नाही बराच वेळ.

"कुठे?"

क. म. र.

मी तिला दोन्ही हातांनी वळवलं. चार दिवस एका हाताने वळवत होतो, दुसऱ्यात फोन असायचा. कमरेखाली चादरीच्या घडीत माझा जुना चार्जर होता, पिना वर करून. चादर तिच्या कातडीला चिकटली होती. सोडवली तर खाली काळंनिळं झालेलं, मधे ओलं, आणि वास. दर दोन तासांनी मी तिला नेमाने त्याच्यावरच परत निजवत होतो.

धावत वर गेलो, आजोबांच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जखम धुतली, पट्टी केली.

ऊन उतरल्यावर मी पुन्हा तक्ता घेऊन बसलो. "ताई, आणखी काही सांगायचंय? मी बघतोय." तिने मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. तिला खास शिव्या यायच्या, एक्सचेंजमधल्या. पापणी मिटली. मी बोट फिरवू लागलो, नजर एकदाही हलवली नाही. म. व. श. मग क, मग ध. पाऊण तास लागला.

"मावशी कधी येणार?"

पापणी.

"उद्या सकाळी," मी म्हणालो.

तिने डोळा मिटून घेतला. मी तक्ता तसाच धरून बसलो. ती झोपली नव्हती, श्वासावरून कळत होतं.