पानावर मावेल तेवढंच

बालवर्गाच्या बाईंचं अक्षर इतकं देखणं होतं की त्यांनी लिहिलेल्या नावाच्या चिठ्ठ्यासुद्धा पालक जपून ठेवत. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि तोही थोडाथोडका नव्हता. त्यामुळे पानगळ सुरू होऊन वर्गाच्या भिंतीवर आभारांचं झाड उभं राहिलं, की पानांवर लिहायचं काम त्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देत नसत.

पद्धत ठरलेली होती. सकाळी अठरा पोरांनी अंगणात जाऊन खिसे भरून वाळकी पानं आणायची. मग चटईवर गोल बसून चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट ऐकायची, मग खळ, कात्री आणि रंगीत कागदांचा धुडगूस. आणि घरी जायच्या आधी एकेकानं बाईंच्या कानाशी येऊन सांगायचं, आज मी कुणाला थँक्यू म्हणणार आणि का. बाई ते तळहाताएवढ्या कागदी पानावर लिहीत आणि मावशी ते झाडाला चिकटवत. मावशी वर्गातल्या मदतनीस. वाहणारी नाकं, सुटलेले बंद आणि चावल्याच्या तक्रारी हे त्यांचं खातं.

आता चार वर्षांचं पोर काही थोडक्यात बोलत नाही. "आजोबांना थँक्यू, त्यांनी मला सायकलवर नेलं, मग कुत्रा आला, मग आजोबा पडले, मग ते वाईट शब्द बोलले." एवढं रामायण तळहाताएवढ्या पानावर मावणार कसं? बाई लिहीत, 'आजोबांनी मला सायकलवर नेलं.' गोड तेवढं ठेवायचं, बाकीचं गाळायचं. वीस वर्षांत कुणी त्याबद्दल ब्र काढला नव्हता. उलट पानगळीच्या शेवटच्या सोमवारी पालक झाड बघायला येत आणि डोळे पुसत घरी जात.

यंदा मात्र बाईंचा जीव एका पोरीपाशी अडकला होता. वर्गात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण तिच्या खिशात कायम काहीतरी साठवलेलं असायचं. बटणं, बिया, पेन्सिलीची टरफलं. सप्टेंबरात ही पोरगी क्षणभर एका जागी बसत नव्हती. थंडी पडल्यापासून ती सकाळी यायची ती चेहरा उतरलेला, पाय ओढत, आणि गोष्टीचं दुसरं पान उलटायच्या आत झोपून जायची. अकरा वाजले की हळूहळू रंग परत यायचा, आणि घरी जायच्या वेळी ती पुन्हा इतरांसारखी पळत असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

एकदा हिवाळाभर झोपणाऱ्या अस्वलाची गोष्ट चालली होती. बाईंनी पुस्तकातून मान वर केली तर पोरांनी झोपलेल्या खारूताईवर खिशातली वाळकी पानं ओतली होती. पाय, पोट, गळा, सगळं झाकलेलं. फक्त तोंड उघडं. "ती आता वसंतात उठणार," एक पोरगा म्हणाला आणि सगळी हसली. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी घाईघाईनं पानं बाजूला केली आणि तिला उठवलं. तिला उठायला जरा जास्तच वेळ लागला.

घरी या मुलीला काहीतरी होतंय, हे बाईंना त्या दिवशी कळून चुकलं. काय ते कळेना. आणि कळत नसलं की माणूस स्वतःच्या मनानं भरतो, तसं बाईंनी भरलं. मुलीचा बाप ट्रक चालवायचा, दोन दोन, तीन तीन दिवस बाहेर. आई घरी शिलाई करायची. बाईंनी अशा एक-दोन आया पाहिल्या होत्या, हातातलं काम उरकावं म्हणून पोराला खोकल्याचं औषध पाजून झोपवणाऱ्या. त्यांनी मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला.

एका दुपारी त्यांनी आईला फाटकाशी गाठलं.

"रात्री झोपते का ही नीट?"

"झोपते की. उलट सकाळी उठता उठत नाही."

"काही औषध वगैरे देता का?"

आईचा चेहरा कडक झाला. "औषध कशाला देऊ मी? डोकं दुखतं म्हणते कधीकधी. माझंही दुखतं. दिवसभर सुईत डोळे घालून बसल्यावर दुसरं काय होणार?" आणि मुलीचा हात धरून ती निघून गेली. बाईंनी तिच्या पाठीकडे बघत मान हलवली. हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, याची त्यांना खात्रीच पटली.

शुक्रवारी कागदांचं काम संपलं तेव्हा जमिनीवर लाल, पिवळ्या, केशरी कपट्यांचा ढीग पडला होता. खारूताई बाईंपाशी आली. हे सगळं मला घरी न्यायचंय, म्हणाली. बाईंना भरून आलं. बऱ्याच दिवसांनी पोरीनं कशाची तरी हौस दाखवली होती. त्यांनी कपटे एका मोठ्या पिशवीत कोंबून कोंबून भरले, वर कपाटातले जुने पुठ्ठेही घातले आणि पिशवी तिच्या आईच्या हातात दिली. आईनं बाईंकडे न बघताच घेतली.

सोमवारी खारूताई आली नाही.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. चार वाजता पालक झाड बघायला यायचे होते. बाईंनी आईला फोन लावला. वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बापाचा फोन बंद होता. ट्रक चालवत असेल, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. आईला माझा राग आलाय, म्हणून उचलत नाही, अशीही घातली. तरी आणखी एकदा फोन लावून पाहिला.

झाड तरी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून त्या भिंतीपाशी गेल्या. खारूताईची शेवटची चार पानं त्यांनी शोधून काढली. 'बाबांनी खोली गरम केली.' 'आई उठली.' 'आईनं खिडकी उघडली.' 'बाईंनी मला कागद दिले.' चारही पानं कशी सुबक दिसत होती.

"बघा ना मावशी," बाई म्हणाल्या, "आईचं किती कौतुक या पोरीला. आई उठली, म्हणून आभार."

मावशी खळीचं भांडं धूत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "ते तसं नव्हतं हो बाई. तुम्ही अर्धंच लिहिलंत."

"म्हणजे?"

"कानात सांग म्हटलं तरी ही पोरं गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात. मी बाजूलाच असते ना. ती म्हणाली होती, आई उठली, मी खूप खूप हलवलं तेव्हा."

बाईंनी पानाला बोट लावलं. "आणि हे? खिडकीचं?"

"खिडकी उघडली, मग माझी उलटी थांबली, असं."

"खोली गरम केली?"

"मग सगळ्यांचं डोकं दुखलं." मावशी हात पुसत जवळ आल्या. "मला वाटलं, पानावर जागा नाही, म्हणून तुम्ही सोडलंत. दरवर्षी सोडताच की."

शेवटच्या पानाबद्दल विचारायची त्यांची हिंमत होईना. पण विचारल्यावाचून चालणार नव्हतं.

"शुक्रवारी काय म्हणाली होती?"

"बाईंनी मला कागद दिले. आता बाबा हीटरच्या वरचं भोक बुजवणार. तिथून थंडी येते."

वर्गात सतरा पोरं कागद फाडत होती. मग त्यांनी सगळं एका दमात ओळखलं. त्या भागातल्या जुन्या घरांत असतो तसा गॅसचा हीटर, बंद खिडक्या, आणि भिंतीत मुद्दाम ठेवलेलं हवेचं एक भोक. हवा न मिळता जळणाऱ्या गॅसच्या त्या विषारी धुराला ना वास, ना रंग. माणूस झोपलेला असला तर झोपलेलाच राहतो. आणि आपण खोकल्याच्या औषधावर खटला चालवत बसलो होतो.

त्यांनी तिथूनच अग्निशमन दलाला फोन केला, पत्ता सांगितला, काय झालं असेल तेही सांगितलं. मग मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कुणाच्याही घरात असं घुसायचा शाळेला अधिकार नाही, पालक अंगावर येतील, असं त्या बोलू लागल्या. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. "पोरं सांभाळा," एवढंच म्हणाल्या आणि मावशींना घेऊन पळत सुटल्या.

घर शाळेपासून तीन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. बाईंनी दार बडवलं. हाका मारल्या. आत कुठेतरी फोन वाजत होता, तो बंद झाला आणि परत वाजू लागला. खिडकीच्या फटींना आतून पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. बाहेरच्या भिंतीत, कमरेच्या जरा वर, एक गोल जाळी होती, आणि जाळीच्या आड रंगीत कागद ठासून भरलेला दिसत होता. मावशींनी दारापाशी पडलेली वीट उचलली आणि कुणाला न विचारता खिडकीच्या काचेवर हाणली.

गाडी आली तोवर बाईंनी तुटलेल्या काचेतून हात घालून कडी काढली होती. अग्निशमनवाल्यांनी त्यांना मागे ओढलं आणि तोंडाला मुखवटे लावून आत गेले. गल्लीतली माणसं गोळा झाली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातातून रक्त येत होतं, ते मावशींनी रुमालानं बांधलं.

आधी मुलगी बाहेर आली. अंगात झोपायचे कपडे, मान खाली लोंबलेली. तिच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी धरली गेली. खूप वेळ काही झालं नाही. मग ती खोकली, आणि आणखी एकदा खोकली.

"श्वास घेतेय," एकजण म्हणाला. मग स्ट्रेचरवरून आईला बाहेर आणलं. तिघंजण तिच्या छातीवर आळीपाळीनं दाब देत होते आणि थांबत नव्हते.

"सांगा ना," मावशी म्हणाल्या.

"आत्ता काही सांगता येत नाही."

एका जवानानं बाहेर येऊन वाजणारा फोन बाईंच्या पुढे केला. "सारखा येतोय. तुम्ही नातेवाईक का?"

बाईंनी फोन घेतला. पलीकडे रस्त्याचा आवाज आणि एका पुरुषाचा दमलेला आवाज होता.

"अगं, किती वेळ लावतेयस. काळजी वाटायला लागली ना."

"मी शाळेतली बाई बोलतेय."

"अरे वा, बाई? तुम्ही घरी आलात?" त्याच्या आवाजात एकदम आदर आला. "बरं झालं. तुम्हाला थँक्यू म्हणायचंच होतं. तुमच्या कागदानं भोक अगदी घट्ट बुजलं बघा. पोरीनं काल स्वतःच्या हातानं भरलं. आज पहाटे निघालो तेव्हा दोघी गाढ झोपल्या होत्या, उठवल्या नाहीत. आता घर गरम आहे ना?"

स्ट्रेचरपाशी छातीवर दाब देणं अजून थांबलेलं नव्हतं. बाईंनी त्याला आधी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. त्यानं घेतली, इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि काही गाळलं नाही.