निळ्या दाराचं घर

“अजून एक तांब्या,” रूपा म्हणाली, आणि तिचं तिलाच जाणवलं की आपण आता विनवणी करतोय.

काचेच्या पेटीतल्या डोंगरावर तिनं पाणी ओतलं. डोंगर हलला नाही. तांबडी माती पाणी पीत होती, गुळगुळीत होत होती, आणि उतारावर मांडलेली लाकडी घरं जिथल्या तिथं उभी होती. विहारासमोर सगळी वाडी जमली होती. पोरं पुढं बसलेली, बायका ओट्याला टेकलेल्या, पुरुष मागं छत्र्या टेकून. आधी सगळे श्वास रोखून बघत होते. आता खोकायला लागले होते.

“पडंल गं पडंल,” कमळाकरकाका म्हणाले. “संध्याकाळच्या च्यापातूर पडंल.”

वाडी हसली. कमळाकरकाका रसायनीच्या कंपनीतून रिटायर झालेले, वाडीतले पहिले पगारदार. त्यांनी विनोद केला की हसायचं असतं. रूपाही कसनुसं हसली आणि पुन्हा तांब्या बुडवला. बादलीचा तळ खरवडला गेला.

कर्जतच्या विज्ञान संग्रहालयात हाच डोंगर दोन-तीन तांब्यांत कोसळायचा. मुलं टाळ्या वाजवून “परत! परत!” करायची आणि रूपा रेतीतून घरं शोधून, धुऊन पुन्हा मांडायची. हेमचंद्र सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी घराच्या तळमजल्यावर भिंगं, लोलक, लोहचुंबक मांडून ते संग्रहालय काढलं. रूपाला तिथं नोकरी मिळाली. तिकीट फाडायचं, काचा पुसायच्या, प्रयोग करून दाखवायचे. यंदा कुठून कुठून देणग्या आल्या होत्या. मागच्या अंगणात नवी इमारत उठत होती, तिच्यात पृथ्वी दालन होणार होतं, वर तारांगणाचा घुमट बसणार होता. आणि ‘विज्ञान तुमच्या दारी’ असं लिहिलेला एक कोरा टेंपोही आला होता. टेंपोची पहिली फेरी कळंबच्या मोठ्या शाळेत ठरली होती. ती आधी आपल्या वाडीत न्यावी म्हणून रूपानं सरांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

कारण वाडीच्या वर, कारवीच्या रानात, भेग पडली होती. खाली बंगल्यांच्या प्लॉटसाठी जेसीबीनं डोंगराचा पायथा कापला, त्यानंतरची ती भेग. गेल्या पावसात तिच्यात काठी जायची, या पावसात पाय जात होता. आणि भेगेच्या अगदी खाली पहिलं घर होतं ते रूपाच्या आईचं, जानकीबाईचं, निळ्या दाराचं. पेटीतल्या एका लाकडी घराचं दार रूपानं म्हणूनच निळं रंगवलं होतं.

तिची चूक एकच झाली. सरांनी बजावलं होतं, “आपली चाळलेली रेतीच घेऊन जा. दुसरी माती घालू नकोस.” पण आई काय म्हणणार हे रूपाला पाठ होतं. ही कुठली माती? ही आमची नाय. तिचं तोंड आधीच बंद करावं म्हणून रूपानं वाडीत पोचल्या पोचल्या घमेलं घेतलं आणि भेगेजवळची माती खणून पेटी भरली. तीच माती आता पाणी पिऊन गप्प बसली होती.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” कमळाकरकाका उठत म्हणाले. “आपली माती, आपला डोंगुर. बघितलं ना समद्यांनी? चला, जय भीम.”

लोक पांगले. रूपा रिकामा तांब्या धरून उभी राहिली. वाडीतली दोन कुटुंबं घर सोडायच्या विचारात होती हे तिला माहीत होतं. आता तीही निर्धास्त होऊन परत चालली होती. लोकांना उठवायला आली ती, आणि त्यांना पक्कं बसवून चालली.

घरी जानकीबाईनं तिच्यापुढं भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली.

“आये, चल माझ्यासंगं. पाऊस संपेस्तोवर.”

“आन संपल्यावर?”

“परत ये.”

“येऊ देतील?” जानकीबाईनं दारातून खाली बोट केलं. खाली कापलेली लालभडक माती आणि पिवळा जेसीबी दिसत होता. “तुझ्या आज्याला गावानं ही उतरण दिली. का दिली? दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून दिली. आता हवी झालीय. आमी कवा उठतो त्याचीच ते वाट बघतायत. आन तू त्यांचं काम करतेस गं, फुकटात.”

“आये, मी तुझं काम करत्ये!” रूपा ओरडलीच. “मेलीस म्हंजे?”

“मंग इथं मेले. जेव आता.”

रूपा भाकरीचा तुकडा मोडत राहिली. आईचं खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. भांडायला एखादं खोटं तरी हाताशी लागावं, तर तेही नाही. निघताना पेटीतली माती उपसायचंही तिला सुचलं नाही. टेंपो चालवणाऱ्या धाऊनं पेटी तशीच उचलली आणि संग्रहालयाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली.

पाऊस पुन्हा लागला तो धरूनच बसला. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात देणगीदार येणार होते. नव्या दालनाच्या दारावर ‘लवकरच येत आहे’ असा फलक लागला, सर इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांना घुमट कुठं बसणार ते दाखवत होते. रूपा फरशी पुसत होती. पुसता पुसता दर थोड्या वेळानं ती आभाळाकडं बघायची आणि पुन्हा तीच जागा पुसायची.

दुपारी ती बादली आणायला मागच्या खोलीत गेली. नव्या इमारतीला चकचकीत फरशी येत होती, पण या खोलीचा पत्रा अजून गळत होता. एक थेंब, मग जरा वेळानं दुसरा, नेमका पेटीवर पडत होता. रूपानं वाकून पाहिलं.

पेटीतला डोंगर उतरला होता. वरचा भाग अखंडच्या अखंड सुटून खाली आला होता आणि जिथं घरं होती तिथं फक्त ओली, मऊ माती होती. एकही छप्पर दिसत नव्हतं.

बादली तिथंच टाकून तिनं फोन लावला. आईकडं फोन नव्हता. कमळाकरकाकांनी बऱ्याच वेळानं उचलला.

“काका, पडला! डोंगर पडला!”

“कुठला? मी ओट्यावर बसलोय की.”

“पेटीतला, काका! आपल्याच मातीचा!”

“मंग पेटीतल्या माणसास्नी बाहेर काढ,” काका म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती तशीच, ओल्या हातानं, पाहुण्यांच्या घोळक्यात शिरली. सरांच्या इस्त्रीच्या बाहीला धरून तिनं त्यांना खोलीत आणलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“चिकण माती आहे. ती पाणी धरून ठेवते आणि नंतर एकदम सुटते,” ते हळूच म्हणाले. “तुझा प्रयोग फसला नव्हता गं. तू अर्ध्यावर उठलीस.” मग त्यांना एकदम उमगलं असावं. त्यांनी खिशातून टेंपोची किल्ली काढली. “धाऊला घे. पेटी हलू देऊ नकोस. जा.”

वाटभर रूपा टेंपोच्या मागच्या भागात पेटीला मिठी मारून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती देवाला नव्हे, त्या मातीला विनवत होती, की अशीच राहा, आईला दिसेपर्यंत अशीच राहा. प्लॉटपाशी टेंपो थांबला. तिथून वर दोघांनी पेटी हातानं चढवली. वाडीचा ओहोळ रोज निर्मळ वाहायचा, आज तो चहासारखा गढूळ झाला होता.

जानकीबाई दारात तांदूळ निवडत होती. रूपानं पेटी तिच्यापुढं ठेवली.

जानकीबाईनं सूप बाजूला सारलं. बराच वेळ ती काचेतून बघत राहिली. मग पेटीत हात घालून ती माती चाचपू लागली. कुठं चाचपायचं हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं निळ्या दाराचं घर ओढून काढलं, पदरानं पुसलं.

“कवा पडला?”

“कळलं नाय आये. कुणी बघत नव्हतं तवा.”

जानकीबाई उठली. आत गेली आणि तिनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. चर्रर्र आवाज झाला, धूर दारातून बाहेर आला. इतक्या वर्षांत ही चूल कुणी पाण्यानं विझवलेली रूपानं पाहिली नव्हती.

डोक्यावर बोचकं घेऊन जानकीबाई उतरताना दिसली आणि कमळाकरकाका ओट्यावरून उठले. त्यांनी विनोद केला नाही. जानकीबाई उतरली म्हटल्यावर वाडीत कोण राहणार? अंधार पडायच्या आत सगळी माणसं कळंबच्या शाळेत होती.

डोंगर पडला नाही.

श्रावण गेला, भादवा गेला, भात पोटरीला आलं आणि डोंगर उभाच राहिला. वाडीच्या वाटेवर ‘धोकादायक क्षेत्र, प्रवेश बंद’ असा सरकारी फलक लागला. त्या फलकाच्या खाली प्लॉटचं काम सुरूच होतं, आणि वाट प्लॉटमधून जात होती म्हणून तिथं लोखंडी फाटक बसलं, फाटकाला कुलूप. लोक शाळेतून पत्र्याच्या शेडमध्ये गेले. रूपा भेटायला गेली की बायका भांडी घासायला उठायच्या. “विज्ञान दारी आलं आन दारच गेलं,” कमळाकरकाका म्हणाले, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

जानकीबाई कर्जतला लेकीच्या एका खोलीत राहिली. तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. रोज संध्याकाळी रूपा कामावरून आली की फक्त विचारायची, “पडला का गं?”

“नाय आये.”

मोठा पाऊस झाला की रूपाला वाटायचं, आज तरी पडू दे. एकदाचा पडू दे, म्हणजे मी खरी ठरेन. लगेच तिला स्वतःची किळस यायची. तरी पुढच्या पावसाला पुन्हा तेच वाटायचं.

दिवाळीनंतर पृथ्वी दालन उघडलं. जुन्या पेटीच्या जागी मोठा डोंगर आला, वर फवारे, खाली बटण. घरं मात्र तीच होती. काही दिवसांनी सरांनी आग्रह करून जानकीबाईला बोलावलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून मुलांच्या मागं उभी राहिली. एका मुलीनं बटण दाबलं, फवारे उडाले, डोंगर धाडकन खाली आला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

“परत! परत!”

रूपानं माती सारखी केली आणि घरं मांडायला घेतली. निळ्या दाराचं घर तिनं पायथ्याशी, सपाटीवर ठेवलं. आता ती रोज तिथंच ठेवायची.

गर्दीतून जानकीबाई पुढं आली. “तिथं नाय गं. वर. मोरीचं पाणी या अंगाला जायचं आपलं.” तिनं घर उचललं, उतारावर त्याच्या जागी नेऊन ठेवलं, अंगठ्यानं मातीत घट्ट दाबलं. मग बटणावर बोट ठेवून वाट बघणाऱ्या त्या मुलीकडं पाहिलं.

“थांब गं बाय,” ती म्हणाली. “जरा वेळ असू दे.”

मुलीनं बटणावरचं बोट काढून घेतलं.