बोळातल्या बागेची झारी

मित्रांनो, कारंजा लाडच्या एका घराच्या बोळात, भिंतीला टेकून बसलेली मी एक जुनी पत्र्याची झारी. माझी तोटी जराशी वाकडी आहे, बुडाला ठिकठिकाणी डाख दिलेले आहेत, आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, संशयी आहे. कुणी माझी कडी धरली की आधी मनात येतं, हा हात मला पाणी भरायला उचलतोय की भंगारात द्यायला?

जन्मापासून मी अशी नव्हते. गावातल्या उदयसिंग नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याने पत्रा कापला, लाकडी मोगरीने ठोकून गोल केला, शिवणी जोडल्या आणि तोटीच्या तोंडाला बारीक भोकांची चाळणी बसवली. सरकी-ढेपेचे व्यापारी अजितकुमार यांनी मला विकत घेतलं. त्यांच्या नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. ओल्या स्लॅबवर, कोवळ्या भिंतींवर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं. गवंडी माझी तारीफ करायचे. म्हणायचे, नळीनं भिंत धुऊन निघते, पण या झारीचं पाणी अंगावर शालीसारखं पडते.

घर पुरं झालं. काही वर्षं मी अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घातलं. मग रबरी नळी आली, अंगणात फरशी बसली आणि मी जिन्याखाली जाऊन पडले. एकदा भंगारवाल्याच्या काट्यावरही चढले. भाव पटला नाही म्हणून मला खाली उतरवलं. मित्रांनो, ज्या घराच्या भिंती आपण पाणी पाजून पक्क्या केल्या, त्याच घराने आपल्याला काट्यावर चढवलं, हे मी विसरले नाही.

पुढे अजितकुमार वारले. घरात त्यांच्या पत्नी भागिरथीबाई आणि मुलगा पियूष राहिले. पियूषचं लग्न झालं आणि सावंतवाडीकडची रीता सून म्हणून घरात आली.

रीताला आमचं ऊन सोसेना. तिच्या माहेरी घरामागे मिरीचे वेल, वेलदोडे, सुपाऱ्या; सगळीकडे हिरवी सावली. इथे उन्हाळ्यात दुपारी अंगणात पाय ठेवला तर भाजायचा. एक दिवस ती या बोळात आली. एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची उंच भिंत, मध्ये धुण्याचा दगड. ऊन इथे सकाळी येतं, भिंतीला हात लावतं आणि निघून जातं. बाकीच्यांना हा बोळ अंधारा वाटायचा. रीताने भिंतीचा गारवा हात लावून पाहिला आणि ती हसली.

तिने माहेराहून रोपं आणवली. मिरीचा वेल, वेलदोडा, अँथुरियम, नेचे, मनीप्लांट. भागिरथीबाईंना ते मुळीच पसंत पडलं नाही. त्या धर्म पाळणाऱ्या बाई. पाणीसुद्धा गाळून घेतल्याशिवाय वापरत नसत. ओल आली की किडामुंगी येणार, पायाखाली जीव जाणार, याची त्यांना भीती. शिवाय भिंतीला ओल चढेल ही काळजी वेगळीच. पियूष मध्ये पडला म्हणून बोळापुरती परवानगी मिळाली. पण बाईंनी सगळ्यांसमोर बजावलं, "तुवा लावले, तूच पाह्य. मी एक थेंब टाकनार नाई."

रीताने मला जिन्याखालून काढलं तेव्हा वाटलं, निघाली ही मला विकायला. तिने मला घासलं, बुडाची भोकं बुजवून आणली आणि बोळात ठेवलं. तरीही कितीतरी दिवस मी मनातून तिच्यावर नजर ठेवून होते.

हळूहळू तिचं काम मला कळू लागलं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिने कुंड्यांत माती कमी आणि नारळाचा काथ्या, वाळकी पानं जास्त घातली. मिरीच्या वेलाला चढायला लाकडाचा ओंडका उभा केला. सकाळी ती थोडंच पाणी घालायची. बाकी नुसतं पानांवर शिंपडायची. पहिल्याच वर्षी वेल ओंडक्याच्या शेंड्याला पोचला. अँथुरियमला लाखेसारखं लाल, चकचकीत फूल आलं. मंदिरातून परतणाऱ्या बायका वाकडी वाट करून पाहायला येऊ लागल्या. त्या फुलाची तारीफ करायच्या आणि त्यातली एखादी माझ्याकडे पाहून म्हणायची, अशी झारी आता मिळत नाई. मी वरून शांत असे, पण आतून सुखावे.

मग चैत्रात रीता चुलत बहिणीच्या लग्नाला माहेरी गेली. पाणी घालायचं तिने पियूषला सांगितलं होतं. पियूष दुकानात अडकला आणि विसरला. दोन-तीन दिवसांत पानांनी माना टाकल्या. भागिरथीबाई बोळाच्या दारातून डोकावून जायच्या. एका दुपारी त्या आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि माझी कडी धरली. मी धसकले. पण त्यांनी माझ्या तोंडावर फडकं धरलं, पाणी गाळून भरलं आणि मिरीच्या वेलाशी वाकल्या. "पी वं माय, पी," त्या इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या की शेजारच्या नेच्यालाही ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळपर्यंत वेल तरारला. बाई दोनदा येऊन पाहून गेल्या.

रीता परत आल्यावर हे थांबायला हवं होतं. पण बाईंना बोळाची चटक लागली. सकाळी रीता पाणी घालून पियूषबरोबर दुकानात जायची. दुपारी घर निवांत झालं की बाई यायच्या, फडक्याने पाणी गाळायच्या आणि प्रत्येक कुंडी काठोकाठ भरायच्या. थेंबही टाकणार नाही असं सर्वांसमोर बोलून बसल्या होत्या; आता सुनेला कोणत्या तोंडाने सांगणार? मला मात्र फार बरं वाटायचं. दोन वेळचं पाणी म्हणजे दुप्पट माया, असंच मी समजत होते. मी जगातल्या प्रत्येक हाताचा संशय घेतला, मित्रांनो, पण पाण्याचा संशय कधी माझ्या मनाला शिवला नाही.

आषाढ लागता लागता पानं पिवळी पडू लागली. आधी मिरीचा वेल, मग वेलदोडा. बुडाशी खोड काळं पडलं. कुबट वास येऊ लागला. रीताने पानं उलटसुलट करून कीड शोधली. कीड नव्हती. मग तिची नजर दुसरीकडे वळली. ती मला जिथे ठेवून जायची, तिथे मी संध्याकाळी नसायचे. दोरीवर एक ओलं फडकं वाळत असायचं, ते तिचं नव्हतं. त्यावर पांढरे डाग होते. ते आमच्या बोअरच्या क्षाराचे, पण तिला ते चुन्याचे वाटले, आणि चुन्याने तर मुळं जळतात. सासूबाईंना झाडं नको होती, हे ती विसरली नव्हती. तिने कुणाला काही विचारलं नाही. फक्त तिचं बोलणं कमी झालं. जेवताना ती ताट घेऊन खोलीत जाऊ लागली. रात्री पियूषला म्हणाली, आपण वेगळं घर पाहू.

भागिरथीबाईंचाही जीव झाडांवर बसला होता. ती मरताना पाहून त्यांनाही दोषी हवा होता. रोज बोळात कोण बसतं? धुणंभांडी करणारी धनीबाई. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि ती लेकीला शाळेसाठी सांभाळत इथेच राहायची. ती याच दगडावर कपडे धुवायची. साबणाचं पाणी नालीत सोडायची. मी रोज पाहत होते. एक थेंब तिने कधी कुंडीकडे जाऊ दिला नाही.

भागिरथीबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धने, त्या बादलीतलं पानी तू झाडायले टाकतं काय वं?"

"नाई जी. मी कायले टाकीन?"

"मंग झाडं काहून मरून राह्यले? बोळात तुह्याशिवाय येते कोन?"

धनीबाईने हातातला कपडा पिळला, दोरीवर टाकला, बादली पालथी घातली. उरलेले कपडे तिने तसेच दगडावर ठेवले. ती निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण माझ्या तोंडातून फक्त पाणी येतं.

धनीबाई यायची थांबली, तरी झाडं मरतच राहिली. आता रीताची खात्रीच पटली. एक दिवस ती नेहमीप्रमाणे पियूषबरोबर दुकानात गेली आणि भर दुपारी मागच्या दाराने परत आली. चप्पल हातात घेऊन ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. भागिरथीबाई मला दोन्ही हातांनी धरून वेलदोड्यावर वाकल्या होत्या.

"आई, काय घालताय त्यात?"

बाई दचकल्या. पाणी त्यांच्या पायावर सांडलं. "पानी हाय. गाळून घेतलेलं."

"रोज घालता?"

"तू माहेरी गेल्ती ना, तवापासून. माना टाकल्या होत्या त्यायनं. मले पाहावलं नाई."

"मी सकाळी घालते की पाणी."

"मंग? तहान का एकदाच लागते?"

रीता पुढे आली. तिने माझ्यात डोकावून पाहिलं, बोट बुडवून वास घेतला. नुसतं पाणी. मग तिने मिरीची कुंडी आडवी केली आणि वेल मुळासकट बाहेर ओढला. मुळं काळी, बुळबुळीत झाली होती. बोटांत धरताच त्यांची साल निघाली. "सावलीत पाणी वाळत नाही, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "मुळांना श्वास मिळाला नाही. ती बुडून मेली."

बाईंना ते खरंच वाटेना. त्यांचं माहेर आसेगावचं. लहानपणी उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरलेल्या त्या. दारी आलेल्या पाहुण्याला, गाईला, पाखराला पाणी द्यायचं, यापेक्षा मोठं पुण्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी ती काळी मुळं ओंजळीत घेतली. "पान्यानं बी कोनी मरते काय?" त्यांनी विचारलं, पण ते रीताला नव्हतं.

रीता धुण्याच्या दगडावर बसली. मग तिने सांगून टाकलं की तिला वाटलं, आई चुना घालतात. वेगळं घर पाहायचं बोलणं झालं होतं, तेही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुले मी दिसली, मले धनी दिसली. तुवा मनात तरी ठेवलं. मी त्या बाईले तोंडावर बोलली."

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर सासू-सून दोघी वस्तीत गेल्या. तिथे काय बोलणं झालं, ते मी ऐकलं नाही. पण दोन दिवसांनी धनीबाई बोळात आली. बसली नाही, दगडापाशी उभी राहिली. म्हणाली, "तुमी घरापरेंत आल्या, मी मनात ठेवत नाई. पन काम मी दुसरं धरलं. तिथं मले कोनी इचारत नाई का बादलीत काय हाय."

भागिरथीबाईंनी मग दुसरी बाई ठेवली नाही. पियूषने धुण्याचं यंत्र आणायचं सुचवलं, तेही नको म्हणाल्या. त्या दगडावर आता त्या स्वतः बसून धुतात. वेगळ्या घराचं बोलणं पुन्हा निघालं नाही. मिरीचा वेल गेला तो गेलाच. वेलदोडा मात्र वाचला. रीताने सडकी मुळं कापून त्याला कोरड्या काथ्यात बसवलं. आता सकाळी दोघी मिळून बोळात येतात. बाई आधी मातीत बोट खुपसतात आणि सुनेकडे पाहतात. रीताने मान हलवली तरच माझी कडी धरतात. कधी कधी आठवडाभर मी कोरडीच बसते. पण कोरडी बसले म्हणजे मला टाकून दिलं असं आता वाटत नाही.

मित्रांनो, झाडावर माया करायची तर त्याला काय हवं ते आधी त्याच्या मुळांना विचारा. आणि घरात काही सुकू लागलं, तर जवळच्या माणसाच्या तोंडाकडे बोट दाखवण्याआधी ज्याच्याशी बोलायचं राहिलं असेल, त्याच्याशी बोला. असा सल्ला मी पत्र्याची झारी देते, कारण तसं न केल्याने जे झालं ते मी माझ्या अंगावर सोसलं आहे.

बाजाराच्या दिवशी धनीबाई कधीमधी इकडे वळते. पाणी पिते, वेलदोड्याचं नवं पान पाहते. मागच्या खेपेला भागिरथीबाईंनी मला उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आज तूच टाक." धनीबाईने मला नळाखाली अर्धं भरलं. कुंडीकडे वळण्याआधी ती थांबली. तिने मला तिरकं केलं आणि माझं पोट बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं.

"पाहून घ्या, बाई," ती म्हणाली. "पानीच हाय."

भागिरथीबाईंची मान खाली गेली.