अप्पारावांची शिफारस

चौऱ्याण्णवच्या निवडणुकीत आमदार अप्पाराव सपशेल आपटले. पण असं काही झालंच नाही, असं धरून चालू. अप्पारावही तसंच धरून चालले होते.

हिमायतनगरच्या घरी व्हरांड्यात बाक होतं, बाकासमोर खुर्ची आणि खुर्चीत रोज सकाळी कडक इस्त्रीचे अप्पाराव. पाच वर्षांत विधानसभेत ते एकदाच बोलले होते, तेही पंखा वाढवा म्हणून. पण शिफारसपत्र लिहावं तर त्यांनीच! टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत कुजायचे. अप्पारावांच्या पत्रानं रांग जरा हलायची. लेटरहेडचे गठ्ठे उरले होते, त्यावर ‘माजी’ नव्हतं आणि कचेरीत कुणी विचारलंही नाही. म्हणून हरल्यावरसुद्धा बाक भरलेलंच.

मग हळूहळू बाक रोडावलं. अप्पाराव फाटकापर्यंत जात, रस्ता बघत, परत येत. पुन्हा जात.

“अहो, फाटकाची बिजागरी झिजली,” भामाबाई आतून म्हणाल्या, “मतदार काही येईना.”

एके सकाळी तारनाक्याचा दत्तोबा पेढे घेऊन आला.

“साहेब, फोन लागला!”

अप्पाराव फुलले. “बघ! मागल्या आठवड्यातच पत्र दिलं मी.”

“हौ, ते खिशातच राहिलं की.” दत्तोबानं घडी काढून परत दिली. “नुसता अर्ज टाकला, अन् वायरमन दारात. आता सगळ्यांनाच देतेत, साब. बाजार खुला झाला म्हणे.”

अप्पाराव उठले, बसले, पुन्हा उठले. “शिफारशीशिवाय? दत्तोबा, यात काहीतरी घोटाळा आहे. तू तो फोन परत कर. तोच फोन मी तुला रीतसर मिळवून देतो.”

“किती दिवसांत?”

“दोन वर्षं. माझ्या शब्दावर दीड.”

दत्तोबानं खरोखर विचार केला. “नक्को साब. संध्याकाळी लेकीचा फोन येतो निजामाबादहून.”

तो उभ्याउभ्याच गेला. दुपारी भामाबाईंनी बाकावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. “रिकामंच होतं ना?”

अप्पारावांनी पेढा खाल्ला, घरभर फेऱ्या मारल्या, मग एक लेटरहेड ओढलं. ‘आमदार’च्या आधी स्वतःच्या हातानं ‘माजी’ लिहिलं आणि खाली मजकूर घातला:

‘सबब, मायबाप सरकारास सविनय विनंती की, हिमायतनगर ते तारनाका या भागातील टेलिफोनची टंचाई जनहितार्थ तातडीने पूर्ववत करण्यात यावी.’