परत विचारायला गेलेली सेरेना

मित्रांनो, मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत खेळांच्या बातम्या देणारं छोटंसं ऑफिस आहे. तिथला मी जुना रेकॉर्डर, लोकांचं बोलणं टिपून ठेवणारा. कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझा काय तोरा होता! मोठमोठे खेळाडू माझ्याकडे तोंड करून बोलत. पुढे प्रत्येकाच्या फोनमध्येच रेकॉर्डर आला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका शनिवारी लॉयडने मला बाहेर काढलं. ऑफिस तोच सांभाळतो. क्रेगीबर्न या उपनगरातून येणारी सेरेना, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, त्या दिवशी पहिल्यांदाच इंटर्न म्हणून आली होती. तिच्या फोनवरून नेटबॉलच्या, म्हणजे बास्केटबॉलसारख्या खेळाच्या, सामन्याचा स्कोअर सतत ऑफिसच्या वेबसाइटवर टाकायचा होता, म्हणून मुलाखतीसाठी मी. पाचपर्यंत बातमी दे, ती बघूनच तुला सीझनभर ठेवायचं का ते ठरवू, असं लॉयडने बजावलं. माझं बटण दोनदा दाबायचं, हेही तो घाईघाईत सांगून गेला. एकदाच दाबलं तर माझा दिवा नुसता लुकलुकतो. सेरेनाला ते धड ऐकू आलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी परत कसं विचारायचं, म्हणून ती "नो वरीज" म्हणाली.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा सामना एका गोलने हातचा गेला. शेवटचा शॉट कर्णधार चिन्मयीचा हुकला होता. तरी ती सेरेनाशी पाच मिनिटं बोलली, बोलताना रडलीही. सेरेनाने बटण एकदाच दाबलं होतं, म्हणून मी सगळं ऐकत होतो आणि काहीच साठवत नव्हतो. मला ओरडायची सोय नाही हो.

ऑफिसात सेरेनाने हेडफोन लावले तर आत शुकशुकाट. साडेचार वाजले होते. तिने चिन्मयीच्या नावावर एक वाक्य स्वतःच रचलं: आम्ही जिद्दीने खेळलो, पुढच्या वेळी नक्की जिंकू. वाक्य झकास होतं, कोणाला पत्ताही लागला नसता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ते खोडलं आणि मला मुठीत धरून कोर्टकडे पळत सुटली. वाटेत माझं बटण दाबदाबून तिने एकदाचं समजून घेतलं.

चिन्मयी बाकावर बसून घोट्याची पट्टी सोडत होती.

"सॉरी, माझ्याकडून रेकॉर्डच नाही झालं," सेरेना म्हणाली. "बटण मला कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. परत सांगशील?"

मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. चिन्मयीने पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

"लास्ट शॉट माझा हुकला," ती म्हणाली. "पण बॉल मीच मागितला होता. नेक्स्ट सॅटर्डेलाही मागेन. एवढंच लिही."

मित्रांनो, मी थक्क झालो. इतकी वर्षं विजेत्यांची भाषणं टिपली, पण असलं धैर्य, तेही एकाच बाकापाशी दोघींचं, मी कधी ऐकलं नव्हतं.

बातमी पाच वाजून दहा मिनिटांनी गेली. उशिराबद्दल लॉयड कुरकुरला. मग बातमी दोनदा वाचून त्याने सेरेनाला सीझनभर दर शनिवारी दहाला यायला सांगितलं.

आम्हा जुन्या यंत्रांना ठेवून देताना सेल तेवढे काढत जा, ते आत गळतात. आणि कोणाचं बोलणं हातून निसटलं, तर मनाने रचू नका. परत जा, विचारा. माणसं पुन्हा सांगतात.