डोणीपाशी वळलेला रस्ता

या मित्रांनो, बसा माझ्या काठावर. बिचकू नका, मी मोडत नाही. मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे गुरामेंढरांनी पाणी प्यायचं दगडी भांडं. कवठे महांकाळकडून इस्लामपूरकडं जाणारी मेंढरांची एक जुनी वाट आहे. त्या वाटेवर, एका गावाच्या शिवेला, विहिरीच्या शेजारी मी पन्नास वर्षं पडून आहे. पडून आहे म्हणाले, पण रिकामी बसले नाही बरं का!

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा दुष्काळी कामावर सगळा मुलूख खडी फोडत होता. कोंडीबा वडारानं मात्र एक अखंड काळा दगड बाजूला काढला. "फोडणारं हात लय झालं. एक तरी घडवू द्या," असं तो म्हणाला आणि महिनाभर त्यानं मला छिन्नीनं कोरलं. दुखलं का? दुखलं की! पण आत पहिलं पाणी पडलं तेव्हा सगळं विसरले.

ही विहीर धोंडुबाईंची होती. बाई करारी. त्यांनी एक नियम घालून दिला. विहिरीतून पाणी ओढणाऱ्यानं पहिली बादली डोणीत ओतायची आणि मग आपली घागर भरायची. मेंढरांना कुणी अडवायचं नाही. सगळ्यांनी तो नियम पाळला. पण तो होता नुसता शब्द, त्याचा कागद कुणी केला नाही. तेव्हा शब्दाला कागदाची गरज लागत नसे.

दिवाळी झाली की धनगरांची मेंढरं उगवतीकडून यायची आणि पाणी पिऊन पश्चिमेला, उसाच्या मुलखात चरायला जायची. जेठात ती मावळतीकडून माघारी यायची. माझ्या या दोन काठांवरून हात फिरवून बघा, कसे गुळगुळीत लागतात. बाकीच्या दोन बाजू अजून खडबडीत आहेत. कोंडीबाच्या छिन्नीला जमलं नाही ते मेंढरांच्या गळ्यांनी केलं. माझी ऐट होती तेव्हा! चारशे-चारशे मेंढरं एका दमात पाणी प्यायची आणि मी रिकामी झाले की म्हाताऱ्या म्हणायच्या, "डोण लय गुणाची गं बाई."

मग धोंडुबाई गेल्या. वारसांनी रान गुंठ्या-गुंठ्यानं विकून टाकलं. कुणी माझ्यात गाडी धुतली, कुणी सिमेंट कालवलं, कुणी वेफर्सच्या पिशव्या टाकल्या. शेवाळ वाळून माझ्या अंगावर खपली धरली. मेंढरं यायची, हुंगायची आणि तशीच पुढं जायची. तहानलेलं जनावर आपल्यापासून परत जातं तेव्हा काय वाटतं, ते कुणाला सांगू नये.

अशा वेळी निजाम मेस्त्री आणि त्याची बायको अख्तरबी माझ्या शेजारी आली. निजाम गवंडी होता. निम्म्या गावाची घरं त्यानं बांधली आणि स्वतः राहायचा भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत. त्यानं विहिरीलगत तीन गुंठे जागा घेतली. पण गंमत बघा, दुसऱ्याच्या भिंतीचा कोन अन् कोन तपासणारा हा गडी स्वतःच्या वेळी नकाशा बघायलाच विसरला. नगरपालिकेच्या आराखड्यात हा सगळा भाग हिरवा होता. हिरवा म्हणजे शेतीचा, तिथं घर बांधायची परवानगी मिळत नाही. झालं! निजाम कपाळाला हात लावून बसला.

अख्तरबी काही बसली नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यातली घाण उपसली, मला घासून काढलं आणि पहिली बादली ओतली. धोंडुबाईंचा नियम तिला कुणी सांगितला होता कोण जाणे. त्यानंतर ती दर शुक्रवारी दुपारी यायची. जागेवर दगड मांडून तिनं आपलं घर आखलं होतं. ही बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर आणि पुढं, अगदी माझ्या समोर, सहा फुटांचा ओटा. भिंत नाही, छप्पर नाही, तरी बाई त्या दगडांच्या आत बसून भाकरी खायची.

मेंढरांबरोबर अंबूबाई यायची. म्हातारी धनगरीण, कपाळाला भंडारा आणि जिभेला धार. तिला बघितलं की अख्तरबी हाक मारायची, "या अंबूआक्का, ओट्यावर बसा. सैपाकघर आत्ताच सारवलंय, पाय उमटतील!"

"आगं बया! दार कुठलं गं तुझं? मी भितीतनंच शिरली की!"

दोघी पोट धरून हसायच्या. एकदा अंबूबाई म्हणाली, "मला घर हाय, पर ऱ्हायला सवड न्हाई. तुला सवड हाय, पर घर न्हाई. देवाची वाटणी बग कशी." अख्तरबी हसली आणि ओट्याचा सरकलेला एक दगड नीट लावू लागली. "आक्का, सोताच्या ओट्यावर बसून एकदा तुमास्नी च्या द्यायचाय. मग अल्लानं नेलं तरी चालंल," असं ती म्हणाली.

अशी अकरा वर्षं गेली. गाव वाढलं. राहायला घरं पुरेनात. नगरपालिकेनं आराखड्यात फेरबदल करून हा हिरवा भाग राहण्यासाठी पिवळा करायचं ठरवलं. नवा नकाशा कचेरीत लागला त्या दिवशी निजाम फोनवर त्याचा फोटो घेऊन धावतच आला. "अख्तर, पिवळं झालं! आपलं पिवळं झालं!" अख्तरबीनं पदराच्या गाठीतली साखर त्याच्या तोंडात घातली आणि एक चिमूट माझ्या काठावरही ठेवली. मुंग्यांनी नेली ती, पण माझं तोंड गोड झालं ते झालंच.

इतक्यात निजामची नजर त्यातल्या एका रेघेवर अडली. फोनवरचा नकाशा बघत तो विहिरीपासून पावलं टाकू लागला. एक, दोन, तीन, असं मोजत मोजत माझ्यापाशी येऊन थांबला.

"रस्ता हितनं जातोय," तो म्हणाला. "डोणीवरनं."

नव्या नकाशात विहीर होती. पण मी नव्हते, आणि मेंढरांची वाटही नव्हती. चूक म्हणावी तर कुणाची? नकाशा काढणाऱ्यानं कागद बघितले आणि आमचा कागदच नव्हता.

हरकत घ्यायला तीस दिवस होते. ते होते माघाचे दिवस. मेंढरं वाळव्याकडच्या उसात आणि परतायला जेठ उजाडणार. निजामनं अंबूबाईच्या लेकाला, अर्जुनाला, फोन लावला. माझ्या काठावर बसूनच लावला, म्हणून मला शब्द अन् शब्द ऐकू आला.

"मेस्त्री, मेंढ्या व्यायला लागल्यात, सोडून कसा येऊ?" अर्जुना म्हणाला. "आन आलो तरी त्या गावात माझं नाव कुठं हाय? घरपट्टी तुमची, सात-बारा तुमचा. माझ्या नावावर काय, लेंड्या?"

मग राहिला एकटा निजाम. शेजारच्या जागेचा वीरधवल समजवायला आला. त्याचंही घर अडलं होतं, त्याचंही चुकत नव्हतं. "मेस्त्री, तुमी हरकत घेतली की समद्यांचं लांबणार. अकरा वरसं वाट बघितली, आन आता सोताच्या पायावर धोंडा?"

"धोंडा न्हाई दादा, डोण हाय," निजाम म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. वीरधवल गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "अख्तर, त्याचं खरं हाय गं. अडकलं तर जलमभर पत्र्यातच ऱ्हावं लागंल."

अख्तरबी बादली ओतत होती. तिनं मान वर केली. "आवं, अकरा वरसं पयली बादली हिच्यात वतली. आता घर मिळतंय म्हणून हिलाच गाडायचं? त्या घरातलं पाणी गोड लागंल व्हय?"

निजामनं दुसऱ्याच दिवशी हरकत लिहून दिली.

सुनावणीत साहेबांनी त्याला विचारलं म्हणे, "यात तुमचं काय नुकसान होतंय?" निजाम म्हणाला, "माझं काय न्हाई. माझ्या पाव्हण्यांचं हाय." "मग पाहुणे कुठायत?" "वाटंत हाईत, सायेब." सगळी कचेरी हसली. पण नगररचनेच्या सृष्टी मॅडम हसल्या नाहीत. दोन दिवसांनी त्या स्वतः जागा बघायला आल्या.

त्यांनी विचारलं, "इथं मेंढरं येतात याला पुरावा काय?" तेव्हा अख्तरबीनं मॅडमचा हात सरळ धरला आणि माझ्या काठावरून फिरवला. आधी गुळगुळीत, मग खडबडीत, मग पुन्हा गुळगुळीत. "जाताना ह्या अंगानं पित्यात, येताना त्या अंगानं. ह्यो काय मी घासलाय व्हय मॅडम?" मॅडमनी पुन्हा एकदा हात फिरवला, आपला आपण. मग वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या.

जाताना त्या म्हणाल्या, "डोणीपाशी रस्ता वळवता येईल. पण पलीकडे विहीर आहे, म्हणून तो तुमच्याच बाजूला सरकेल. तुमच्या जागेतले सहा फूट जातील. विचार करून सांगा."

सहा फूट, म्हणजे अख्ख्या घरातला नेमका ओटा. निजामनं बायकोकडं बघितलं. मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या वेळी माझ्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. अख्तरबी म्हणाली, "त्यात विचार कसला? घ्या."

सगळे गेल्यावर तिनं ओट्याचे मांडलेले दगड एक एक उचलले आणि माझ्या कडेला आणून ठेवले. शेवटचा दगड ठेवून तिनं पदरानं डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "बग, आता तरी नीट ऱ्हा!" मला तेव्हा बोलता आलं असतं तर काय बोलले असते? काही नाही. नुसती तिच्या गळ्यात पडले असते.

त्या जेठात मेंढरं आली तेव्हा निकाल लागला नव्हता. अख्तरबीनं अंबूबाईला यातला चकार शब्द सांगितला नाही. मंजुरी यायला पुढचा जेठ लागला. नव्या नकाशात रस्ता माझ्यापाशी येऊन थोडा वळतो आणि तिथं नखाएवढा निळा चौकोन आहे. ती मी! पन्नास वर्षांत पहिल्यांदा कागदावर आले. मॅडम, तुमचं भलं होवो.

निजाम उद्या पाया काढणार, तोच मेंढरं आली. चुन्याच्या रेघा बघून अंबूबाई दुरूनच कावरीबावरी झाली. मी दिसले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सगळी हकीकत तिला वीरधवलनंच सांगितली, आणि सांगताना त्याची मान खाली होती. म्हातारी सरळ अख्तरबीपाशी गेली आणि म्हणाली, "आजच्याला मेंढरं तुझ्या जाग्यात बसवती."

मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं आणि पीक जोमदार येतं, म्हणून शेतकरी धनगरांना आग्रहानं बोलावतात. अख्तरबीला हसू आलं. "आक्का, आता हितं काय पिकायचंय? समदं पिवळं झालंय."

"घर पिकंल की!" अंबूबाई म्हणाली.

दिवस मावळायला साडेतीनशे मेंढरं त्या तीन गुंठ्यांत आणि त्याच्या आजूबाजूला दाटीवाटीनं बसली. सकाळी निजामनं लेंड्यांतच कुदळ मारली. आणि खरंच, मित्रांनो, घर पिकलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पांढऱ्या भिंती. आत घरभरणीची कुराणखानी झाली त्या दिवशी दाराला बांधायचं हिरवं तोरण अर्जुनानं आणलं होतं.

आता भोवती बारा-पंधरा घरं झाली आहेत. माझ्याजवळ नगरपालिकेचा नळ आला आहे. पहिली बादली अजून माझ्यातच पडते आणि परवा ती वीरधवलनं ओतली. चिमण्या येतात, भटकी गुरं येतात, पोरं कागदाच्या होड्या सोडतात. त्यांनी खुशाल सोडाव्यात, फक्त वेफर्सच्या पिशव्या नकोत.

मित्रांनो, घरं बांधा, भरपूर बांधा. घर नसण्याचं दुःख मी अकरा वर्षं जवळून पाहिलं आहे. पण उद्या तुमच्यातलं कुणी नकाशा काढायला बसलं, तर एवढं माझ्यासाठी करा. रेघ ओढण्याआधी एकदा त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि विचारा, इथलं कुणी वाटेत आहे का? जे समोर नाहीत त्यांचीही जागा राखा. मुक्या जिवांची पहिली बादली चुकवू नका.

मला तर आता काही मागायचं नाही. कोंडीबानं घडवलं, धोंडुबाईंनी जपलं, अख्तरबीनं वाचवलं. एका दगडाला आणखी काय हवं?

तिच्या घराला ओटा नाही. दार उघडलं की दोन पायऱ्या आणि लगेच रस्ता. पण तिनं आणून ठेवलेले ते दगड निजामनं माझ्या कडेनं नीट बसवले आहेत. काल मेंढरं आली. अख्तरबी घरातून दोन कप घेऊन रस्ता ओलांडून आली, दगडांवर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाली, "बसा अंबूआक्का, ओट्यावर बसा. च्या गरम हाय."