शून्य होड्या

वाकड्या तळ्यातला रानभात तीन वर्षं कोणी काढला नाही, कारण मी काढू दिला नाही.

आमच्या जमातीच्या पाणीखात्यात मी काम करते. तळ्याच्या तोंडाशी एक बांध आहे आणि त्याची दारं पलीकडच्या बंगलेवाल्यांच्या हातात आहेत. त्यांना मोटारबोटींसाठी खोल पाणी लागतं. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये, भाताची पानं नुकती पाण्यावर पसरली असताना, त्यांनी पाणी वीतभर चढवलं. बहुतेक सगळी रोपं मुळासकट सुटून काठाला लागली. पत्रं, नकाशे आणि बैठका यांत एक वर्ष गेलं. शेवटी पाण्याची उंची ठरली. मग उरलेल्या रोपांचं सगळं बी तळ्यातच पडू द्यावं, असं मी गावाच्या भात समितीला सांगितलं, आणि समितीने ते मानलं.

एल्मर मामा तेवढे विरोधात होते. ते आईचे थोरले भाऊ, वय एक्याऐंशी. दर ऑगस्टमध्ये ते माझ्या ऑफिसात येऊन बसत आणि एकच मागत: निदान एक होडी सोड. मी दर वेळी समजावत असे, की एका होडीनेसुद्धा मोजणी बिघडते. शून्य म्हणजे शून्यच हवं. ते टोपी घालून निघून जात.

मोजणी चांगली झाली. पहिल्या वर्षी चौरस मीटरला भाताची चार ताटं होती, यंदा एकतीस. म्हणून या सप्टेंबरात तळं उघडलं.

दव सुकल्यावर मामांनी रिवाजाप्रमाणे पाण्यात तंबाखू सोडली, आमच्या भाषेत दोन वाक्यं बोलले आणि काठावर घडीच्या खुर्चीत बसले. गेल्या हिवाळ्यात त्यांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ते होडीत बसत नाहीत. नऊ होड्या सुटल्या. पुढच्या होडीत माझी भाची शॉना होती, आणि मागे उभा राहून बांबू रेटायला तिचा चुलतभाऊ रेमी. शॉना एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मामांनी तिच्यासाठी भात पाडायच्या देवदाराच्या दोन काठ्या तासल्या होत्या, हातात धरल्या तर वजन कळू नये इतक्या हलक्या. त्याच वर्षी मी तळं बंद केलं. आता ती बावीसची आहे, आणि काठ्या पहिल्यांदाच पाण्यावर आल्या होत्या.

पाच मिनिटांत आवाज यायला लागला. टाक, टाक, टाक. मग सगळ्या होड्यांतून.

मामांनी डोळे मिटले. "सुतारकाम चाललंय का गं तिकडे?"

मी माझ्या होडीचा दोर सोडायला लागले.

"काठी ऐकू येता कामा नये, नोरीन. दाणा ऐकू आला पाहिजे."

हे मला माहीत होतं. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची आणि दुसरीने नुसती थोपटायची. पिकलेला दाणा आपणहून पडतो; कच्चा राहतो, तो चार दिवसांनी पुन्हा येऊन घ्यायचा. हे मी समितीच्या पत्रकात छापलंही होतं. नियम क्रमांक तीन.

मी माझी होडी घेऊन त्यांच्या मागे गेले आणि मोजायची मीटरभराची चौकट पाण्यावर टाकली. एकतीसपैकी नऊ ताटं मोडलेली. दुसऱ्या जागी अकरा. शॉनाच्या होडीत तळाला हिरवे, दुधाळ दाणे पडले होते. तिच्या मानेवर भाताची कुसळं टोचून लाल चट्टे उठले होते, आणि ती हसत होती.

"मावशी, बघ किती झालं!"

माझ्या गळ्यात शिट्टी होती. तीन वेळा फुंकली की तळं बंद. मी ती ओठाला लावली आणि काठाकडे पाहिलं. मामांनी तिथूनच ओळखलं.

"वाजव," ते ओरडले. "बंद करायला तुला छान जमतं."

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. बांधवाल्यांवर काढला असता, पण या तीन वर्षांत त्यांनी पाण्याला हात लावला नव्हता. त्या तीन वर्षांत एक-एक होडी सोडली असती, तर मामांनी तीत बसून शॉनाला शिकवलं असतं; तेव्हा ते होडीत बसू शकत होते. चौकटीत दोन ताटं कमी भरली असती. मी तळ्यातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली होती. भात कोणाला काढता येतो, हे त्यात नव्हतं.

मी शिट्टी वाजवली. होड्या कुरकुरत परतल्या. रेमी म्हणाला की त्याने यासाठी दोन पाळ्या बदलून घेतल्या होत्या. मी त्याची माफी मागितली नाही. दुपारी समितीच्या फळ्यावर नवा नियम लावला: चार दिवसांनी तळं उघडेल, पण प्रत्येक होडीत पूर्वी भात काढलेलं एक माणूस हवं.

मग मामांबरोबर नावं काढत बसले. सात निघाली. दोघं वृद्धाश्रमात, एकीचे खांदे गेलेले, एक शहरात, तो फोन उचलत नाही. मामा स्वतः होडीत बसत नाहीत. सहावी एकटी यायला तयार होती.

"म्हणजे दोन होड्या," मी म्हणाले.

"दुसरं नाव कोणाचं?"

"माझं."

मामांनी शॉनाच्या काठ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि आपल्या खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं. "थोपट बघू."

मी थोपटलं. टाक, असा आवाज आला.

"पुन्हा," ते म्हणाले.